रंग परत द्या!

मी रेसची गाडी बोलतेय. मुलुंडच्या मॉलमध्ये, सरकत्या जिन्याशेजारी, एका जागी उभी राहून वर्ष होत आलं, त्यामुळे स्वतःला रेसची म्हणवून घ्यायची आता लाज वाटते. पण एके काळी मी पळत होते, आणि चांगली पळत होते.

माझा जन्म कांजूरमार्गच्या एका गाळ्यात झाला. एकाच माणसाची सीट, उघडी चाकं, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर फायबरचं पातळ अंग. मला घडवलं मालन कांबळीने. चाळिशीची इंजिनियर बाई, बोलायला फटकळ, पण हात असा हलका की नट आवळतानासुद्धा मला दुखायचं नाही. टीम तिने उभी केली, टीमची प्रमुखही तीच. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास गाळ्यात शिरायचा. मालन दार लोटून घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायची.

माझा रंग ठरवला तिच्या वडिलांनी. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीच्या रंगखात्यात गेलेली. पेंटरने पहिला हात मारला तेव्हा भाऊ स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले, "काय गो मालन, ह्यो रंग वांग्याचो झालो. माका जांभळाचो व्हयो." मालन हसली. रंग पुन्हा कालवला गेला. मला उन्हात काढलं तेव्हा समोरच्या वर्कशॉपमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली.

आमच्या शर्यती व्हायच्या दक्षिण भारतात, पण प्रेम करणारी माणसं इथली. घाटकोपरच्या किरणचं मोबाइलचं दुकान होतं. त्याने पोरं जमवली आणि त्यांचं नाव ठेवलं जांभळी फौज. जांभळे टी-शर्ट, जांभळ्या टोप्या, गालांवर जांभळे पट्टे. एकाने तर लग्नात जांभळा फेटा बांधला म्हणे. माझा ड्रायव्हर निहार, बोरिवलीचा पोरगा. तो पहिला आला की किरण कठड्याला धरून ढसाढसा रडायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग ती शेवटची शर्यत आली. नुसती पूर्ण केली असती तरी त्या वर्षीची ट्रॉफी आमची होती. सकाळच्या सरावानंतर निहार हेल्मेट काढत म्हणाला, "ताई, पुढचं डावं चाक बरोबर नाही वाटत. वळताना काहीतरी कटकन वाजतं."

मालन जमिनीवर आडवी झाली, टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरली. चाकाला धरून ठेवणारी दांडी जिथे माझ्या सांगाड्याला जोडली होती, तिथे केसाएवढा तडा होता. ती उठली, हात पुसले.

"आज गाडी जाणार नाही."

"ताई, शेवटची रेस आहे गं!"

"म्हणूनच. तुझी शेवटची व्हायला नको."

बातमी प्रेक्षकांत पोचली आणि ज्या गळ्यांतून माझा जयजयकार निघायचा त्याच गळ्यांतून शिव्या निघाल्या. "विकली गेली रे बाई!" किरण ओरडला. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती माझ्या नाकावर आदळली. टीव्हीवाल्याने निहारसमोर माईक धरला. चाकाचं त्यानेच सांगितलं होतं, एवढंच त्याने बोलायचं होतं. तो म्हणाला, "निर्णय ताईंचा होता. मी तर तयार होतो." मालन त्याच्या मागेच उभी होती. तिने खाली वाकून माझ्या नाकावरचं पाणी पुसलं.

त्यानंतर फोनाफोनांवर एकच गजर, मालन हटाव. टीमवर पैसा लावणारे एक बिल्डर शेठ होते. ते लोकांच्या रागाला घाबरले की त्यांना निमित्तच हवं होतं, देव जाणे. मालनला काढलं. फौजेने घाटकोपरला फटाके फोडले.

नवीन प्रमुख आले, अनिरुद्ध. अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीतून आलेले, गोड बोलणारे. मला ते 'प्रॉडक्ट' म्हणायचे. गाळ्याच्या किल्ल्या देताना मालनने त्यांना सांगितलं, "नुसती दांडी बदलून भागणार नाही. सांधाच गेलाय. सांगाडा नवा करावा लागेल."

"नक्की करू ना मॅडम. एकदा सीझन सुरू होऊ दे."

दांडी तेवढी बदलली. बाकी सगळं लक्ष माझ्या लिव्हरीवर. गाडीवरच्या रंगाला आणि चित्रांना रेसवाले लिव्हरी म्हणतात. माझा जांभळा खरवडला गेला. अंगावर काळा रंग, चंदेरी रेघा आणि कुठल्याशा थंड पेयाचं हातभर नाव. याच मॉलमध्ये, ढोल वाजवून, माझ्यावरचं कापड ओढलं.

गर्दीत मागून आवाज आला, "ए, ही काय शववाहिनी आणलीय काय?"

मग जे पेटलं ते पेटलंच. "पार वाट लावली यार!" "आमचा जांभळा कुठाय?" "रंग परत द्या! रंग परत द्या!" काळ्या रंगाच्या निषेधाला पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. किरणने माझ्यासमोर उभं राहून रडत व्हिडिओ काढला, "जांभळा म्हणजे आपली आई आहे, आई!" भाऊ तेव्हा जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांच्या दाराशी यांतलं कुणी फिरकलं नव्हतं.

त्या गर्दीत ऋता नावाची एक मुलगी होती, फौजेतलीच. ती किरणला म्हणाली, "अरे, मग मालनताईंना पण परत आणा असं म्हणूया ना."

"ए ऋता, मुद्दा भरकटवू नकोस हां," किरण म्हणाला.

अनिरुद्ध चतुर माणूस. त्यांनी हात जोडून जाहीर केलं, "तुमचा आवाज आम्ही ऐकला." जांभळा परत येणार, आणि सोबत नवे टी-शर्टही. फौजेने त्यांना खांद्यावर घेतलं.

मला पुन्हा कांजूरला नेलं. पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यावरचा काळा रंग घासताना पेंटर थांबला. "साहेब, इथे बघा. रेष दिसते."

अनिरुद्ध फोनवर होते. मान न वळवता म्हणाले, "ओरखडा असेल रे. पुट्टी मार. परवा शूट आहे."

त्याने पुट्टी भरली, पॉलिश पेपरने सपाट केली, वर जांभळा मारला. मी काय करणार होते? रेसच्या गाडीला साधा हॉर्नही नसतो.

मालन एकदा आपली हत्यारं न्यायला आली. निहार तिथेच होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग त्याला म्हणाली, "सांगाडा बदललाय?"

"माहीत नाही, ताई."

"मग बसू नकोस."

"मी नाही बसलो तर दुसरा बसेल. बाहेर रांग लागलीय."

"बसू दे दुसऱ्याला. तुला ऐकू आलं होतं ना, निहार, ते कटकन?"

त्याने मान खाली घातली. "एकदा गाडी थांबवली तर लोकांनी तुझं काय केलं, ते बघितलंय मी."

मालनने पिशवी उचलली. जाताना माझ्या डाव्या चाकावर तिने हात ठेवला. तिचा हात मला लागला तो शेवटचा.

पहिल्या शर्यतीला सगळा स्टँड जांभळा झाला होता. लांब सरळ पट्टा संपला, वळण आलं, आणि पुट्टी भरली होती तिथूनच सांधा सुटला. चाक मला सोडून पुढे पळालं. मी भिंतीवर गेले. निहारची किंकाळी मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू आली.

तो जगला. डावा गुडघा गेला. ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मालन एकटी बसून होती, असं मेकॅनिक सांगत. फौजेने घाटकोपरला मेणबत्त्या लावल्या. जांभळ्या. टीमने पत्रक काढलं, 'तांत्रिक बिघाड.' अनिरुद्ध थोड्याच दिवसांत याहून मोठ्या नोकरीवर गेले. टीमला नवी गाडी आली, लालभडक. मला डागडुजी करून इथे उभं केलं. पुढचं डावं चाक प्लॅस्टिकचं आहे. ते फिरत नाही.

गेल्या रविवारी निहार आला. काठी टेकत, एकटाच. माझ्याभोवतीच्या दोरीपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता तेवढ्यात मागून किरण आला, अंगात नवा लाल टी-शर्ट.

"निहार! अरे यार, तू इकडे!" त्याने निहारच्या खांद्यावर हात टाकला. "खरं सांगू का, तो जांभळाच पनवती होता. काळाच बरा होता. आपण उगाच बदलायला लावला."

निहारने खांद्यावरचा त्याचा हात बाजूला केला. मग म्हणाला, "किरण, त्या दिवशी चाकाचं ताईंना मीच सांगितलं होतं. त्यांनी माझा जीव वाचवला होता. मी माईकवर खोटं बोललो. रंगाचा काही संबंध नाही रे."

"सोड ना यार आता, झालं गेलं," किरणने फोन वर धरला. "इकडे बघ. जरा हस."

फोटो निघाला.

"किरण, ऐकलंस का मी काय म्हणालो?"

"हो रे, एक मिनिट हां," किरणचा अंगठा फोनवर चालू होता. "आधी हे टाकतो."

निहार काठी सावरत निघून गेला.

माझ्यासमोर पितळेची एक पाटी आहे. तिच्यावर शेठचं नाव आहे, थंड पेयाचं आहे, अनिरुद्ध यांचं आहे, जांभळ्या फौजेचेही आभार मानलेत. जाता जाता ती वाचा. जिने मला घडवलं आणि जिने मला थांबवलं, तिचं नाव मात्र तुम्हाला आता माहीत आहे. घरी जाऊन ते कुणाला तरी सांगा. माझ्या रंगाचं काही सांगू नका.