अधिक महिन्यातला राजीनामा

मेलबर्नला लॉकडाऊन लागला तेव्हा निनाद ऑफिसांच्या पार्किंगचं अ‍ॅप सांभाळत होता. ऑफिसं बंद, गाड्या घरी. तरी रोज सकाळी तो मीटिंगमध्ये सांगायचा, "सगळ्या जागा रिकाम्या," आणि त्याचा बॉस क्रेग मनापासून टाळ्या वाजवायचा. बुधवारी ऑफिसचा 'टोपी दिन' असायचा, तेव्हा टोपी घालून वाजवायचा.

निनाद या टाळ्यांना विटला होता. ट्रुगानिना या उपनगरातल्या घरात त्याच्यासोबत राहणारा सलिल म्हणाला, "नोकरी सोड खुशाल. पण स्वतःहून सोडलीस तर बेकारभत्ता कित्येक आठवडे अडकवून ठेवतात. मालकानं नोकरीची जागाच रद्द केली तर ती भानगड नाही. मी रागात सोडली होती, आठवतंय ना?"

निनादला आठवत होतं. त्या आठवड्यांत सलिल निनादचाच तांदूळ खात होता.

पुण्याहून आईचं तिसरंच. "आत्ता पितृपक्ष, मग लगेच अधिक महिना. घटस्थापनेपर्यंत राजीनाम्याचं नाव काढायचं नाही."

सरकार आणि पंचांग यांचं एकमत झाल्यावर माणसानं काय करावं? निनाद मुकाट्यानं रिकाम्या जागा मोजत राहिला.

अधिक महिना लागला आणि निनादला एकट्याला क्रेगचा कॉल आला. बुधवार असूनही टोपी नव्हती.

"मेट, एक माणूस कमी करायचाय. मला कुणाला काढवत नाही रे. तूच राजीनामा देतोस का?"

फ्रिजमागून सलिल जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता.

"देता येत नाही," निनाद म्हणाला. "धार्मिक अडचण आहे."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि क्रेगनं नुकताच 'इतरांच्या संस्कृतीचा आदर' हा ऑनलाइन कोर्स केला होता, सर्टिफिकेटसकट.

"म्हणजे मी राजीनामा मागितला हा तुझ्या श्रद्धेचा अपमान झाला?"

"थोडासा."

क्रेगनं नाक शिंकरलं आणि निनादची जागाच रद्द केली. तसं लेखी दिलं, वर धर्माची माफी मागितली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "तू नाही ना सोडलीस? मग दोष त्याला लागतो. बिचारा. त्याला म्हणावं, तेहतीस अनारसे दान कर."

निनादनं निरोप पोचवला. क्रेगनं विचारलं, ग्लूटेन-फ्री असतात का? निनादनं कळवलं, तांदळाचेच असतात. तिसऱ्या दिवशी भिजवलेल्या तांदळाचा फोटो आला. खाली प्रश्न होता, दान करायचं कुणाला?

सलिलनं तांदळाच्या डब्यात डोकावून पाहिलं.

"बेकाराला केलेलं दान सर्वांत श्रेष्ठ," तो म्हणाला. "पत्ता पाठव."