बाबुलालभाऊंची स्विस पद्धत

बुद्धिबळाच्या स्पर्धेत पंचाला काम तरी काय असतं, असं माझ्या बँकेतले लोक मला नेहमी विचारतात. मुलं गप्प बसून खेळतात, शिट्टी नाही, पळापळ नाही. मी त्यांना सांगते, मुलांसाठी पंच लागतच नाही. पंच लागतो तो मुलांच्या बापांसाठी.

या वेळी स्पर्धा घुग्घुसला होती. पंधरा वर्षांखालच्यांची, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून, आणि राज्य स्पर्धेसाठी जागा एकच. पहिला येईल तो जाणार, दुसऱ्याने चषक घेऊन घरी जायचं. सभागृह नेमकं हमरस्त्याला लागून. दारावर ‘शांतता राखा’ असा फलक आणि दारासमोरून कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवत चाललेले. दुपारपर्यंत पांढऱ्या सोंगट्यांवर एवढी धूळ बसायची की मी ओलं फडकं घेऊन टेबलांमधून फिरत होते. पंचाच्या परीक्षेत हा प्रश्न नव्हता.

आयोजक मंडळाचे अध्यक्ष होते बाबुलालभाऊ. घोडा अडीच घरं चालतो हे त्यांना ठाऊक नसावं, पण अध्यक्ष व्हायला तशी अटही नव्हती. भाऊंचा धंदा ट्रकांचा आणि आवड राजकारणाची. आयुष्यात त्यांनी एकही निवडणूक लढवली नाही आणि एकही खुर्ची सोडली नाही. त्यांची रीत ठरलेली. अर्ज भरायचा, समोर तगडा माणूस दिसला की अर्ज मागे घ्यायचा, त्याच्या गळ्यात हार घालून फोटो काढायचा आणि निकाल लागल्यावर मागच्या दाराने कुठल्या तरी समितीवर जाऊन बसायचं. हे ते लपवत नसत. उलट शिकवत असत.

“भिडायचं नाई मॅडम,” ते मला म्हणाले होते, “बगलेतून घुसायचं. भिडनारे सारे घरी बसले, मी अध्यक्ष हाव.”

अशा माणसाच्या घरी खुशबू जन्माला आली होती. चौदा वर्षांची, किडकिडीत, पटासमोर बसली की समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिला मानांकन होतं पहिलं आणि ते कुणाच्या ओळखीने मिळालेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती या वयोगटातून बाहेर जाणार होती. तिला राज्य स्पर्धा हवी होती, आणि तिथे जाण्याआधी तिला निकेश हवा होता. कुरखेड्याचा निकेश, दुसरं मानांकन, मागच्या वर्षी त्याने तिला हरवलं होतं. “मॅडम, निकेश आला का?” हा तिचा मला पहिला प्रश्न. नमस्कार त्यानंतर. मला ही मुलगी आवडायची, पंच असूनही सांगते.

सकाळी मी पालकांना नियम सांगायला उभी राहिले. ही बाद पद्धत नाही, स्विस पद्धत आहे. हरलेल्याने घरी जायचं नाही, सगळ्यांनी सातही फेऱ्या खेळायच्या. पहिल्या फेरीत मानांकनाच्या यादीचे दोन भाग होतात, वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी बसतो. त्यानंतर प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे एकमेकांसमोर. जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही.

“म्हंजे जो हारला त्याच्या सामोर हारलेलाच येते?” बाबुलालभाऊंनी विचारलं.

“हो. साधारण त्याच्याच ताकदीचा.”

“अन् हारला तरी पुढच्या फेरीत खेळाले भेटते?”

“भेटते.”

भाऊंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं त्यांना खेळ समजला. ते उठले, फोन कानाला लावला आणि बाहेर गेले. त्यांच्या पाठीमागे मी उरलेला नियम सांगत होते. दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक भारी त्याला वरचा क्रमांक. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करायची. एकमेकांतला निकाल त्यानंतर बघायचा. मी दोनदा सांगितलं. बाकीच्या पालकांनी माना हलवल्या, कारण चहा आला होता.

पहिल्या फेरीत खुशबूसमोर उर्वशी आली. कोरपन्याची, मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच बसलेली. मी दुसऱ्या टेबलावरच्या सोंगट्या पुसून वळले तर खुशबूचा वजीर पटावर नव्हता. थोड्या वेळाने हत्तीही गेला. मग तिने उर्वशीशी हात मिळवला, घड्याळ थांबवलं आणि उठली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी तिला कोपऱ्यात गाठलं. “बरं नाही का?”

“बरी हाव मॅडम. चुकलं.”

चौदा वर्षांच्या मुलीला खोटं बोलता येत नसेल तर तिचे कान लाल होतात. मी दाराकडे पाहिलं. बाबुलालभाऊ दोन्ही हातांनी तंबाखू मळत हसत उभे होते. ज्याची पोरगी पहिल्याच फेरीत हरली त्या बापाचा तो चेहरा नव्हता. माझं डोकं सणकलं, पण वजीर फुकट दिला म्हणून कुणाला शिक्षा करता येत नाही. वजीर रोज फुकट जातात, आणि चाल कुणाच्या सांगण्यावरून झाली हे पटावर दिसत नाही. मी सरळ भाऊंपाशी गेले.

“भाऊ, पोरीला काही सांगितलंत का?”

“मी? मले कुठी येते बुद्धिबळ!” ते म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. हुशारी कुणाला तरी दाखवल्याशिवाय पचत नाही. “पण तुमची पद्धत भारी आहे, मॅडम. वरचे वरचे आपसात मरून राह्यले, अन् खालून येनारा ताजातवाना. दिमाग लावला पायजे.”

“आणि शेवटी गुण सारखे झाले तर?”

“थे पाहू नं. बेरीज-वजाबाकी आपल्याले येते.”

येत असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या फेरीपासून खुशबू मागच्या टेबलांवर, पंख्याखाली, हरलेल्यांच्या रांगेत. समोर येईल त्याला ती एवढ्या लवकर मात करायची की उरलेला वेळ ती उभी राहून पहिल्या टेबलाकडे बघायची. तिथे निकेश एकेक भारी खेळाडू अंगावर घेत होता, घाम पुसत होता, आणि जिंकत होता. इकडे उर्वशीची दशा वाईट. पहिल्या मानांकनाला हरवल्यामुळे ती जिंकलेल्यांच्या गटात गेली आणि तिथे तिला जो भेटेल तो तुडवत होता. ती रडली तेव्हा तिच्या आईला वाटलं, मुलीला नजर लागली. आईने सभागृहाच्या पायरीवर मीठ-मिरची ओवाळून टाकली. स्विस पद्धतीवर हा उपाय चालत नाही.

भाऊ मात्र खूश. प्रत्येक फेरीनंतर ते फोनवर कुणाला तरी सांगत, “हाव, वरतं येऊन राह्यली पोरगी. आपली लाइन जमली.” एक-दोन पालक त्यांच्याकडे सल्ला विचारायला लागले होते. घोड्याची चाल ठाऊक नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत प्रशिक्षक झाला असता.

सहा फेऱ्या झाल्या. निकेशचे सहा गुण, खुशबूचे पाच. शेवटच्या फेरीत दोघं समोरासमोर आले, पहिल्या टेबलावर, खुशबूकडे काळ्या सोंगट्या. तिने खुर्ची पुढे ओढली तेव्हा ती दिवसभरात पहिल्यांदा हसली. निकेशही हसला. दोघांना कळत होतं की खरी स्पर्धा आत्ता सुरू होते आहे.

तो डाव मी विसरणार नाही. निकेशने राजाच्या बाजूने हल्ला चढवला, तिने एक प्यादं सोडून तो अडवला, मग दुसरं सोडलं, आणि सगळ्यांना वाटलं आता ती गेली. तिने उंट मधोमध आणून बसवला. तिथून तो हललाच नाही. निकेशचा राजा गुदमरत गेला आणि शेवटी त्याने स्वतःच हात पुढे केला. “लय भारी खेळली,” तो म्हणाला. ती म्हणाली, “तूही.” मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पंचाने वाजवायच्या नसतात, पण फडकं हातात घट्ट धरून उभी होते.

बाकीचे पाच गुणवाले आपापसात बरोबरीत सुटले. म्हणजे वर दोघंच उरले, निकेश आणि खुशबू, सहा-सहा. बेरीज करायला वेळ लागला नाही. निकेश दिवसभर वाघांशी खेळला होता. खुशबूच्या प्रतिस्पर्ध्यांतला एकटा निकेश सोडला तर बाकीच्यांचे गुण मिळून भाजीत घालायच्या मिठाएवढे. उर्वशीचा तर खुशबूकडून मिळालेला तोच एक गुण.

मी माइकवर नाव वाचलं. प्रथम, निकेश, कुरखेडा. बाबुलालभाऊ पाहुण्यांसाठीचा हार हातात घेऊन उभे होते. तो तसाच हातात राहिला.

“ओ मॅडम! माह्या पोरीनं हरवलं नं त्याले! साऱ्यायनं पाह्यलं!”

मी नियम पुन्हा सांगितला, तिसऱ्यांदा. त्यांनी तो या वेळी पहिल्यांदा ऐकला. मग त्यांनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. अध्यक्षाला माइक ओढायचा हक्क असतोच.

“हा अन्याव हाय! कमजोर पोट्टे भेटले त्यात तिची काय चूक? अन् थे पहिली फेरी तं आमीच सोडली होती! मीच सांगतलं होतं तिले हाराले! नाई तं थे हारनारी पोट्टी हाय का?”

उर्वशीच्या आईने पोरीला जवळ ओढलं. उर्वशी खुशबूकडे बघत होती, आणि खुशबू जमिनीकडे.

“भाऊ,” मी म्हणाले, “हे तक्रार म्हणून लिहून द्या. पण दिलंत तर ठरवून हरल्याबद्दल मला खुशबूला स्पर्धेतूनच काढावं लागेल. देता?”

भाऊंनी माइक खाली ठेवला. लढायची वेळ आली की ते जे करत आले तेच त्यांनी केलं. अर्ज मागे घेतला. निकेशच्या गळ्यात तो हार घातला आणि फोटोसाठी त्याच्या शेजारी उभे राहिले. मला किळस आली, आणि हसूही आलं.

सगळे पांगल्यावर खुशबू माझ्या टेबलाशी आली. चषक तिने काखेत धरला होता.

“मॅडम, मी पहिल्या फेरीपासून खेळली असती तं?”

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं असं माझ्या मनात आलं. पण तिच्या भल्यासाठी म्हणून दिवसभर पुरेसं खोटं वागून झालं होतं.

“पहिली आली असतीस,” मी म्हणाले.

भाऊ मागे येऊन उभे होते. “बरं, होऊन गेलं,” ते म्हणाले. “राज्यावाल्यायमंदी माह्या वळखीचा मानूस हाय. एखादी जागा बगलेतून निघते का पाहतो. तू कायले रडतं?”

ती रडत नव्हती. तिने चषक माझ्या टेबलावर ठेवला.

“बगलेतली नको, पप्पा,” ती म्हणाली. “थे जागा माही होती. सरळ माही होती. मले कोनी नाई हरवलं आज, तुमीच हरवलं.”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. या वेळी ज्याच्यासाठी बाजूला व्हावं असा कुणी तगडा उमेदवार नव्हता, पाठिंबा द्यायलाही कुणी नव्हतं. समोर फक्त मुलगी होती आणि ती त्यांच्या डोळ्यांत बघत उत्तराची वाट पाहत होती.