खालीची मात्रा

मित्रांनो, मी एक जुना डग्गा आहे. तबल्याच्या जोडीतला मोठ्या पोटाचा तो मीच. तांब्याचं भांडं ठोकून, वर कातडं ताणून मला घडवलं. आपल्या घुमण्याचा मला भारी तोरा होता.

मध्यभारत राज्य नवं होतं, तेव्हा मी इंदूरला स्नेहलतागंजातल्या एका मराठी शाळेत होतो. तिसरीच्या शशिकलाबाई गाण्याच्या तासाला मला वाजवत. हेडमास्तर बाबूरावांना तो तास खुपत असे, कारण मुलं गणितात कच्ची होती. दोनशे पाच लिहा म्हटलं की पंचवीस लिहीत. तपासणीच्या दिवशी सकाळीच ते बाईंना म्हणाले, "तुमचा तो तास म्हणजे खाली पीरियड आहे, बाई. आज साहेबांसमोर पोरं चुकली तर कल से बंद. डग्गा कोठीत जाईल."

"सर, मी त्यांना खालीच तर शिकवते आहे," बाई म्हणाल्या.

तालात एक मात्रा खाली, म्हणजे रिकामी असते. तिथं टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत फिरवायचा. पण ती मोजायची. गाळली की ताल बिघडतो. त्या जागी मीही गप्प राहतो. मला त्याची लाज वाटे.

तपासणीचे साहेब बाबूरावांबरोबर वर्गात आले. त्यांनी गणितात सगळ्यात कच्च्या मंजिरीलाच नेमकं फळ्यापाशी बोलावलं. हिची चूक ठरलेली.

"बेटी, तीन सौ सात लिखो."

मंजिरीनं तीन लिहिला आणि ती थांबली. बाईंनी पदर मुठीत आवळला. मला कोठीतला अंधार दिसू लागला. तेवढ्यात मंजिरीचा हात फळ्यावरून निघाला आणि हवेत फिरला. बाबूरावांनी मान खाली घातली.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"खाली है जी. दशकाच्या घरात कोणी नाही, पण गिनना तो पडता है." तिनं शून्य काढलं, मग सात लिहिला.

"किसने सिखाया?"

तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट माझ्याकडे केलं. "डग्ग्यानं. तो तिथं चूप बसतो."

बाई रडता रडता हसल्या. तास राहिला, मीही राहिलो.

आता माझं कातडं फाटलं आहे, मी वाजत नाही. मित्रांनो, गाण्याचा, चित्रांचा तास कुणी रिकामा म्हणून काढायला निघालं, तर मंजिरीचा तो हवेतला हात आठवा. आणि कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा गप्प दिसला, तर त्यालाही मोजा.