मोडल्यावर या

पलंग करकरायला लागला तेव्हा तो घेऊन चारच महिने झाले होते. मी दुकानात गेले. विक्रेता हसून म्हणाला, "ताई, लाकूड आहे, आवाज करणारच. मोडल्यावर या, वर्षाची वॉरंटी आहे."

घरी येऊन मी बाबांना बजावलं, जरा जपून कूस बदलत जा. बिचारे आठ महिने अंग चोरून झोपले. वॉरंटी संपली आणि पंधराव्या दिवशी मधली फळी मोडून बाबा खाली आले. आता त्यांची गादी जमिनीवर आहे आणि त्यांना उठवायला दोघं लागतात.

आज पुन्हा दुकानात गेले. तोच विक्रेता म्हणाला, "वॉरंटी संपली हो. आधी यायचं ना!"

"आले होते की! तुम्हीच परत पाठवलंत."

"तसं लेखी आहे का काही?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तेवढ्यात एक बाई आली. तिच्या नव्या कपाटाचं दार कुरकुरत होतं. "लाकूड आहे, आवाज करणारच. मोडल्यावर या," तो हसून म्हणाला.

मी तिला बाहेर गाठलं. म्हटलं, "बाई, आजच घरी जा आणि ते दार मोडून टाका."

"छे हो!" ती म्हणाली. "आम्ही तर आता ते अगदी हळूच लावतो."