गोगलगायींचं अनुदान

सुनेचं एक वागणं आईंच्या डोक्यात जायचं. ही बाई कुणाला नाही म्हणून म्हणत नसे. दुकानदाराने फुटकी बादली गळ्यात मारली तरी हो, शेजारणीने शिडी नेऊन तिकडेच ठेवून घेतली तरी हो. घरात सासूला हो म्हणावं, त्यात वावगं काही नाही. पण जगाला कशाला?

सून विद्यापीठात गोगलगायींच्या चिकावर संशोधन करायची. तो ओल्या जखमेवरही चिकटतो, उद्या टाके घालावे लागणार नाहीत, असं तिचं म्हणणं. शेंबडाला कोण पैसे देतो, असं आईंचं म्हणणं. तरी गेल्या वर्षी तिचा अनुदानाचा अर्ज पार मुलाखतीपर्यंत पोचला होता. तिथे समितीने विचारलं, तीन वर्षांचं काम दोन वर्षांत नाही का होणार? ही म्हणाली, होईल की. मदतनीस कशाला? ही म्हणाली, नसली तरी चालेल. आपल्या कामाला काय लागतं हे जिला स्वतःलाच ठाऊक नाही, तिच्या हातात पैसे कोण ठेवणार? यंदाही हुकलं तर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्याला जाणार होती, म्हणजे कामच बंद.

म्हणून मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सरावाची समिती बसली. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला नवरा, मधोमध आई. सून बोलायला लागली तसे सासरे मान डोलवू लागले आणि नवरा 'छान, छान' करू लागला.

"समितीत बसलायत की गाण्याला?" आईंनी दोघांना गप्प केलं आणि सुनेकडे वळल्या. "तीन वर्षं कशाला गं? दोन पुरे."

"हो आई."

"झालं. गेले पैसे. आता ती मदतनीस पोरगी. काढून टाक तिला. मी तुझ्या प्रयोगशाळेत आले होते तेव्हा नुसती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती."

"गोगलगायींचे फोटो काढत होती ती."

"तेच ते. काढ."

"नाही आई," सून म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी त्यांना ओलं कोण ठेवणार? कोरड्या पडल्या की कवचात शिरतात, मग चीक बंद. तिला काढता येणार नाही. आणि दोन वर्षंही पुरणार नाहीत, पिल्लं मोठी व्हायलाच एक वर्ष जातं. तुम्हाला यातलं काही माहीत नाही."

सासऱ्यांची मान डोलता डोलता अडकली. या घरात आईंना तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. आईंनी चष्मा सारखा केला.

"पुढचा प्रश्न," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खऱ्या समितीनेही मदतनिसावरच बोट ठेवलं. सुनेने नाही म्हटलं, कारणासकट. महिन्याभराने अनुदान मंजूर झालं. सून तडक स्वयंपाकघरात आली आणि सगळ्यांच्या आधी तिने आईंना सांगितलं.

आईंनी गॅस बारीक केला.

"समितीला नाही म्हणालीस, चोख केलंस," त्या म्हणाल्या. "मला म्हणालीस, तेही मी पचवलं. पण माझ्याकडून काही अनुदान मिळायचं नाही, तेव्हा घरात जरा बेतानं."