सिद्धूच्या हाताचा तक्ता

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध भुकटीच्या कारखान्यात सिद्धूची दोन बोटं गेली. भुकटी पुढं ढकलणाऱ्या स्क्रूत गठ्ठा अडकला होता. त्यानं झाकण उघडून हात घातला. झाकण उघडलं की यंत्र बंद पडायला हवं होतं. ते पडलं नाही.

मॅनेजर म्हणाले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहा आणि विषय संपवा. सुरक्षा अधिकारी राजलक्ष्मीनं मात्र एक मोठा कागद पसरला. सगळ्यांत वर चौकट काढली: हात स्क्रूत सापडला. खाली दोन फांद्या: हात आत गेला, आणि स्क्रू फिरत राहिला. दोन्ही एकाच वेळी घडल्याशिवाय अपघात होत नव्हता. मग ती प्रत्येक फांदीचं कारण शोधत खाली उतरत गेली.

झाकण उघडताच यंत्र बंद करणारा स्विच तारेनं बांधून निकामी केलेला निघाला. इलेक्ट्रिशियन सावळाराम अपघातापासून कामावर आला नव्हता. ती काटेवाडीला त्याच्या घरी गेली. तो गोठ्यात होता.

“तार म्याच बांधली, मॅडम. पोलिसांत द्यायचं तर द्या.”

“का बांधली, तात्या?”

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

“धुताना पानी जायचं त्यात. पाळीत धा येळा मशीन बंद. नवा स्विच मागितला, तीनदा वहीत लिवलं.”

कारखान्यात परतून राजलक्ष्मीनं तक्रारींची वही काढली. तिन्ही नोंदी होत्या. प्रत्येकीखाली ‘पाहिले’ अशी सही होती, तिची स्वतःची. तिनं कागदावर आणखी एक चौकट काढली: सुरक्षा अधिकाऱ्यानं तक्रार न वाचता सही केली.

“ही खोडा,” मॅनेजर म्हणाले. “तुमचंच नुकसान आहे.”

तिनं खोडली नाही. तिला ताकीद मिळाली आणि वर्षाची पगारवाढ थांबली. स्विच मात्र आठवड्यात बदलले, पाणी न शिरणारे बसवले. सावळाराम कामावर परतला.

दोन महिन्यांनी सिद्धू आला, हाताला फडकं गुंडाळून. राजलक्ष्मीनं भिंतीवर लावलेला तो चौकटींचा तक्ता त्यानं पाहिला.

“ह्यात मी कुठं हाय?”

तिनं चौदा चौकटींतल्या एकीवर बोट ठेवलं: हात आत गेला.

“एवढाच?” तो म्हणाला. “घरी तर मी सगळं माझ्याच डोक्यावर घेऊन बसलो हुतो.”

त्यानं बाकीच्या तेरा चौकटीही एकेक करून वाचल्या. मग वजनकाट्यावरचं नवं काम समजून घ्यायला खाली गेला.