पाठ केलेला तक्ता

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, डोळे तपासायचा. माझ्या वरच्या ओळीत एकच भलंमोठं 'र' आहे, आणि खाली येत जाल तशी अक्षरं बारीक होत जातात. शेवटची ओळ तर धडधाकट माणसालाही घाम फोडते. हल्ली मी रहाटणीतल्या एका दवाखान्यात दाराआड उभा असतो. माझा एक कोपरा ओलीने फुगला आहे, दुसरा झुरळांनी कुरतडला आहे.

माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यात झाला. छापणाऱ्याने मला उजेडात धरून एकेक अक्षर न्याहाळलं होतं, कारण एखादं जरी पुसट आलं असतं तरी कुणाचा तरी चष्मा चुकला असता. एवढ्या काळजीने जन्माला घातल्यावर आपल्या हातून काही मोठं काम होणार, असं मला वाटलं तर त्यात नवल काय? डॉक्टर दौलतरावांनी स्वतः खिळा ठोकून मला टांगलं. त्या काळी ते छडी घेऊन माझ्याजवळ उभे राहायचे, अधलंमधलं अक्षर दाखवायचे, उलटसुलट विचारायचे. आसपासच्या कंपन्यांतले कितीतरी कामगार माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांना पहिला चष्मा लागला. एक फिटर तर नवा चष्मा लावून मुद्दाम मला पाहायला आला. "डॉक्टर, आता कुठं मोजपट्टीवरच्या रेघा दिसाय लागल्यात," असं तो म्हणाला, तेव्हा मी फार फुशारलो होतो.

पुढे आसपास इमारती उठल्या, शाळा निघाल्या, आणि प्रत्येक शाळेला मुलांच्या तब्येतीची तपासणी हवी झाली. जून आला की दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. त्या गर्दीत कुणीतरी हूल उठवली की तपासणीत नापास झालेल्या मुलाला शाळा घेत नाही. अहो, तपासणीत कसलं आलंय पास आणि नापास? नजर कमी असलेल्या मुलाला शाळेने फार तर पुढच्या बाकावर बसवलं असतं. पण ऐकतो कोण! बसायचं बाकडं नेमकं माझ्यासमोर होतं. नंबर येईपर्यंत आया पोरांकडून मला पाढ्यासारखा घोकून घेऊ लागल्या. ज्याने वाचायचं, तोच मला पाठ करून येऊ लागला.

साधना अशीच एका सकाळी आली. ती आणि तिचा नवरा रोहिदास बीडकडून इकडे आलेले. तो चाकणच्या कंपनीत, ती पिंपरीच्या एका वर्कशॉपात पॅकिंगला. शिफ्ट बुडवून ती सहा वर्षांच्या तनुजाला घेऊन आली होती. पहिलीचा प्रवेश एवढ्या तपासणीवर अडला होता. बाकड्यावर बसल्याबसल्या पोरीने खेळ म्हणून एक डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हात बदलून उजवा डोळा झाकला.

"आई, ह्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसायलंय."

साधनाने दचकून इकडेतिकडे पाहिलं. "गप! डॉक्टरांसमोर असलं बोलायचं न्हाई. नापास करतेत. माझ्यामागून म्हण. र... ग म... प न व..."

तनुजा चुणचुणीत होती. उजव्या डोळ्याने पाहत, आईच्या मागून म्हणत तिने मला बघता बघता गिळून टाकलं. माझा जीव नुसता तळमळत होता. पण पुठ्ठ्याला तोंड कुठे असतं?

तिचा नंबर आला. डॉक्टरांची छडी केव्हाच हरवली होती. आता ते खुर्चीतूनच, मान खाली घालून लिहिता लिहिता विचारत. "एक डोळा झाक बाळ, आणि वाच." तनुजाने उजवा डोळा झाकला आणि घडाघडा सुरुवात केली. एवढ्यात एक बाई औषधाचं विचारायला मध्येच शिरली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या पाठीने मी पुरता झाकला गेलो, तरी तनुजाचं वाचन चालूच! शेवटची बारीक ओळसुद्धा तिने न अडखळता म्हटली. डॉक्टरांनी एकदा, फक्त एकदा मान वर केली असती तर!

"शाब्बास! फर्स्टक्लास नजर आहे," डॉक्टर म्हणाले.

साधनाने दारातूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, पास झाली पोरगी!" तिचा आनंद पाहून मला रडू येत होतं.

पुढे माझ्या जागी विजेवर उजळणारा नवा तक्ता आला आणि माझी रवानगी दाराआड झाली. तनुजा सहावीत गेली. खेळताना डावीकडून येणारा चेंडू तिला दिसेना, तेव्हा शाळेतल्या बाईंनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डावा डोळा जवळजवळ कामातून गेलाय, हे तिथे ऐकून हबकलेली साधना पुन्हा दौलतरावांकडे आली.

"डॉक्टर, ऑपरेशन करा, चष्मा द्या, काय लागंल ते करा."

डॉक्टर म्हणाले, "डोळ्यात नंबर होता, साधनाताई. लहानपणीच चष्मा लागला असता तर त्या डोळ्याची नजर तयार झाली असती. आता मेंदूनेच त्या डोळ्याचं काम बंद केलंय. प्रयत्न करू, पण फार आशा धरू नका."

"पण तवा तर ती पास झाली होती हो!"

तनुजा हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं आई तुला."

परवा ती धाकट्या समाधानला घेऊन आली. त्याचीही पहिलीची तपासणी. तक्ता दिसू नये म्हणून त्याला तिने रस्त्याकडे तोंड करून बसवलं. शेजारी एक बाई आपल्या मुलाकडून नवा तक्ता पाठ करून घेत होती.

"ताई, नका पाठ करून घेऊ," साधना म्हणाली. "माझ्या पोरीचा डोळा गेला ह्याच्यापायी."

त्या बाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्या पोरीचं वेगळं असंल. आमच्या अ‍ॅडमिशनचा प्रश्न हाय." असं म्हणून ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली आणि हलक्या आवाजात पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळाने तिच्या मुलाने डोळे गच्च मिटून अख्खा तक्ता म्हणून दाखवला. तिने कौतुकाने त्याचा मुका घेतला.

मित्रांनो, मोठ्यांना सांगणं साधनालाही जमलं नाही, तिथे माझी काय कथा? म्हणून तुम्हालाच हात जोडतो. दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हणा. आईने डोळे वटारले तरी म्हणा, आणि डॉक्टर मान वर करेपर्यंत म्हणत राहा.